‘आपल्याले आदत आहे’ म्हणणे आता पुरे

मागच्या मे महिन्यात आमच्या गल्लीतला एक मिस्त्री उन्हाने गेला. त्या दिवशी तो स्लॅबच्या कामावर होता. दुपारी चारच्या सुमारास घरी आला, डोके जड झाले म्हणाला, गडूभर पाणी प्यायला आणि टिनाच्या छताखाली आडवा झाला. संध्याकाळी सातला उठून बाहेर आला तेव्हा पाय लटपटत होते, जीभ अडखळत होती. मुलाला त्याने विनाकारण शिवी दिली. आम्ही विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. आमच्यातला एक जण म्हणाला, “आज लवकरच घेतली वाटते यानं.” आम्ही हसलो. त्याची बायको म्हणाली, त्यांनी दारू सोडून चार वर्षे झाली. ते आम्ही ऐकले आणि सोडून दिले. रात्री नऊला तो दारातच कोसळला. अंगाला हात लावला तर तव्यासारखे तापलेले. ऑटोत घालून दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी तो गेला. कागदावर हृदय बंद पडल्याची नोंद झाली. ऊन हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

हे आरोग्याचे पान लिहिणारे आम्हीच त्या ओट्यावर होतो. वस्तीतला माणूस संध्याकाळी झोकांड्या खात आला की तो प्यालेलाच असणार, हे बाहेरचे लोक आपल्याबद्दल बोलतात तेव्हा आपल्याला राग येतो. त्या संध्याकाळी तेच आम्ही आपल्या माणसाबद्दल बोललो. दोन तास त्यात गेले, आणि उष्माघातात दोन तास फार असतात.

म्हणून बाकी काही बोलण्याआधी ही खूण सांगतो. उन्हात काम करून आलेला किंवा तापलेल्या घरात दिवसभर असलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखीनासा झाला, चालताना तोल जाऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे असे धरून चला. अशा वेळी शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदूवर परिणाम सुरू झालेला असतो. घाम येणे थांबलेच पाहिजे असे नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम येत राहू शकतो, त्यामुळे ‘घाम आहे म्हणजे काळजी नाही’ हा हिशेब चुकीचा आहे.

लगेच १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. माणसाला सावलीत आणा, अंगावरचे कपडे सैल करा किंवा काढा, आणि अंगावर पाणी ओता. बादलीने ओता, मगाने ओता, ओली चादर गुंडाळून वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काख आणि जांघेत ठेवा. ऑटोने नेत असाल तर ऑटोतही ओले कपडे अंगावर असू द्या. आम्ही त्या रात्री त्याला कोरड्या चादरीत गुंडाळून नेले होते. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी देऊ नका. हा जंतूंमुळे आलेला ताप नाही, गोळीने तो उतरत नाही आणि यकृतावरचा ताण तेवढा वाढतो. कांद्याचा रस तळपायाला चोळत बसू नका. आणि भर दुपारी एकटा फिरला म्हणून काही लागले असे समजून कोणी दृष्ट काढायला बसवले, तर त्याला सरळ बाजूला करा. हे आपल्या घरांत सांगावे लागू नये, पण लागते.

आता ज्या वाक्याशी आमचे भांडण आहे त्याकडे येतो. “आपल्याले आदत आहे.” हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपले आजे भर उन्हात दगड फोडत, आयाबाया डोक्यावर विटा घेऊन दोन मजले चढत, आणि त्यांना काही झाले नाही असे आपण अभिमानाने सांगतो. ज्यांना झाले ते सांगायला राहिले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

शरीराला उन्हाची सवय होते हे खरे आहे. रोज थोडे थोडे उन्हात काम केले तर आठ-पंधरा दिवसांत शरीर लवकर घाम काढायला शिकते आणि घामातून मीठ कमी जाते. पण त्या सवयीला मर्यादा आहे. मधे काही आठवडे काम नसले की ती जाते. म्हणून लग्नासाठी गावी जाऊन आलेला किंवा आजारातून उठलेला माणूस पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात करतो तेव्हा त्याला सर्वांत जास्त धोका असतो. सवय झालेल्यालाही पाणी तितकेच, उलट घाम जास्त म्हणून थोडे अधिकच लागते. आणि म्हातारपणी, तान्ह्या वयात, गरोदरपणात शरीर सवयीचे ऐकत नाही.

आम्हाला खुपते ते दुसरेच. हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो, तेच दुसरे लोक सोयीने म्हणतात. “त्या लोकांना सवय असते.” ठेकेदार म्हणतो, म्हणून साइटवर सावलीची कनात लागत नाही. ज्यांच्या घरी आपल्या बाया धुणीभांडी करायला जातात त्या घरची माणसे म्हणतात, म्हणून गच्चीवरचे कपडे दुपारी दोनलाच काढून आणायला सांगितले जातात. पिढ्यान् पिढ्या आपल्या वाट्याला उन्हातली कामे आली ती आपली कातडी वेगळी होती म्हणून नव्हे. ती कामे कोणाला द्यायची हे आधीच ठरलेले होते म्हणून आली. आपणच त्या ठरवण्याला ‘आदत’ हे गोड नाव देत राहिलो तर दुसऱ्याला काय बोलणार?

टीव्हीवर सांगतात, आज नागपूर ४५ अंश. हा आकडा कुठे मोजतात हे पुष्कळांना माहीत नसते. हवामान खाते तो पांढऱ्या रंगाच्या, चहूबाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, उघड्या जागेत मोजते. म्हणजे तो सावलीतला आकडा असतो. डांबरी रस्त्यावरचा नसतो, आणि टिनाखालचा तर मुळीच नसतो. टिन उन्हाने तापले की खाली खोलीत उष्णता फेकत राहते. खिडकी एकच, तीही नालीकडे, म्हणून बंद. भिंतीला भिंत लागून घरे, गल्लीत सिमेंट. सूर्य मावळल्यावर टिन लवकर निवते, पण दिवसभर तापलेल्या विटा आणि सिमेंट रात्री बारा-एकपर्यंत उष्णता सोडत राहतात. दिवसभर तापलेल्या शरीराला सुटका मिळते ती रात्री. ती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशी माणूस कालचा थकवा घेऊनच उन्हात उतरतो. तिसऱ्या, चौथ्या दिवशी ज्याला आपण ‘अचानक’ म्हणतो ते घडते.

बंगल्यातला ४५ आणि वस्तीतला ४५ एक नाही, तो असा.

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत काय झाले ते अभ्यासकांनी नंतर महापालिकेच्या मृत्यूनोंदी तपासून काढले. एरवी त्या महिन्यात होतात त्यापेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. बहुतेकांच्या कागदावर ऊन नसणार, आमच्या मिस्त्रीच्या कागदावर नव्हते तसे. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. त्यात आधी इशारा देणे, दवाखाने सज्ज ठेवणे, पाण्याची सोय या गोष्टी होत्याच, पण पुढे वस्त्यांमधल्या छतांना पांढरा चुना मारण्याचे कामही तिथे सुरू झाले. पांढरे छत ऊन परत फेकते आणि आतली खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहते. कूलर नसलेल्या घरात तेवढ्या फरकाने रात्री झोप लागते. नागपूरनेही पुढे असा आराखडा केला. तो फायलीत आहे, आणि त्याबद्दल विचारत राहिले पाहिजे. पण छत आपले आहे आणि चुन्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मागच्या जूनमध्ये, जरा उशिरानेच, आम्ही गल्लीतल्या चार घरांवर करून पाहिले. चुना रात्रभर भिजवला, गाळला, त्यात लाकडाला लावायचा पांढरा डिंक मिसळला, नाहीतर टिनावर चुना धरत नाही. आधी छत झाडून धुऊन घ्यावे लागते. पहाटे एक हात, तो वाळल्यावर दुसरा. चुना डोळ्यांत गेला तर बुबुळ भाजते, म्हणून चष्मा लावा आणि हाताला प्लॅस्टिक बांधा. पोरांना ढवळायला बसवू नका. सिमेंटच्या पत्र्यांवर कधीही थेट पाय देऊ नका. ते फुटतात आणि माणूस खाली येतो. आडवी फळी टाकून तिच्यावर बसून काम करा. पहिल्या मोठ्या पावसात अर्धा चुना वाहून गेला, हेही सांगून टाकतो. दरवर्षी मारावा लागेल. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी छतावर जुनी पोती टाकून संध्याकाळी भिजवावीत. पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर पूर्वी टाकत, तोही चांगला. मात्र वर लोंबती वायर किंवा शेजारी चूल असेल तर तो नको.

कूलरबद्दल दोन शब्द. आपल्याकडच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पण खोली बंद करून लावला की थोड्याच वेळात आतली हवा दमट होते आणि घाम वाळत नाही. समोरची खिडकी किंवा दार फटीएवढे तरी उघडे ठेवा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. पाणी भरताना प्लग काढायचा. बटण बंद केले एवढ्यावर थांबू नका. ज्यांच्याकडे नुसता पंखा आहे त्यांनी अंगावर ओला कपडा घेऊन पंख्याखाली बसावे. फार तापलेल्या खोलीत कोरड्या अंगावर पंखा लावणे म्हणजे झळच अंगावर घेणे.

आता विहाराची गोष्ट, आणि यावर काही ज्येष्ठ उपासक नाराज होतील हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या वस्तीत पक्का स्लॅब, उंच छत, मोठ्या खिडक्या आणि चार पंखे असलेली इमारत एकच आहे. ती आपल्या वर्गणीतून उभी राहिली. सकाळची वंदना झाली की तिला कुलूप लागते ते संध्याकाळच्या वंदनेला निघते. मधले दहा तास, ज्यांत वस्ती भाजून निघते, ती रिकामी असते. मिस्त्री गेल्यानंतर आम्ही समितीपुढे विषय काढला की दुपारी बारा ते चार विहार उघडा ठेवावा. हरकती आल्या. फरशी खराब होईल. विजेचे बिल वाढेल. पोरे पत्ते कुटतील. आणि शेवटी, कोणी बुद्धमूर्तीसमोर पाय पसरून झोपले तर?

पत्त्यांची हरकत खरी ठरली, दोनदा पोरांना बाहेर काढावे लागले. बिल वाढले, पण चार पंख्यांनी वाढायचे तेवढेच, आणि ते भरायला तीन घरांनी आपणहून पैसे दिले. पाय पसरण्याबद्दल आमचे म्हणणे एवढेच की विहार या शब्दाचा अर्थच मुळात राहण्याची जागा असा आहे. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी मुक्काम करायचा, त्या मुक्कामासाठी विहार उभे राहिले. ऋतूपासून आसरा देणे हे त्याचे जुनेच काम आहे. सतरंजी मागच्या बाजूला आडवी घातली की मूर्तीकडे पाय होत नाहीत, प्रश्न तिथेच मिटला. वीस दिवस विहार उघडा राहिला. दोन गरोदर मुली रोज आल्या. ज्यांना घरात धाप लागे अशा चार आज्या आल्या. बारावीला नापास झालेला एक मुलगा पुरवणी परीक्षेचा अभ्यास तिथे करून गेला. रात्री उघडावा की नाही यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. आमच्या मते नवतप्याच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तरी उघडावा.

पाण्याबद्दल बायांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. टँकर दुपारी येतो आणि रांगेत बायाच उभ्या असतात. दिवसभरात त्या किती पाणी पितात हे विचारले तर उत्तर मिळते, “जास्त प्यालं तर जावं लागते.” साइटवर संडास नाही, दुसऱ्याच्या घरचा वापरू देत नाहीत, म्हणून सकाळी सातपासून ओठ कोरडे. धुण्याभांड्याला जाणाऱ्या एका ताईंनी सांगितले की त्या चार घरे करतात आणि चारही घरांत पाणी मागत नाहीत, कारण एका घरात त्यांचा ग्लास वेगळा ठेवलेला दिसला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्या दिवसाला शंभर वर्षे होत आली आणि आमची ताई पाण्यासाठी तोंड उघडत नाही. ताई, बाटली न्या आणि ती संपली की त्यांच्या नळावर, त्यांच्यादेखत भरा. संडासाचेही विचारा. जे घर नाही म्हणेल त्याचे नाव आपसांत कळवा, म्हणजे दुसरी बाई तिथे काम धरताना आधी बोलून घेईल.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे. फार घाम जात असेल तर नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा जलसंजीवनी चांगली. पाकीट आशाताईंकडे मिळते. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त नको. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, लघवीची गोळी घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे, गोळी मनाने बंद करू नये. खिशातल्या कांद्याने काही होत नाही. तो भाकरीबरोबर खा.

आणि सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात हा आजार पुष्कळ घरांत आहे, तरी उन्हाळ्याच्या सल्ल्यांत त्याचा उल्लेख कुठे दिसत नाही. शरीरातले पाणी कमी झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी जास्त संख्येने विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. सिकलसेल असलेल्या मुलाला दुपारी क्रिकेटला सोडू नका, शाळेत त्याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या आणि मास्तरांना कारण सांगा. दुखणे सुरू झाले तर घरी चोळत न बसता दवाखान्यात न्या. ज्यांनी तपासणी केलेली नाही त्यांनी लग्नाची बोलणी होण्याची वाट पाहू नये. नुसते वाहक असलेल्यांना एरवी त्रास नसतो, पण भर उन्हात फार जड काम केल्यास त्यांनाही जपावे लागते.

कामाच्या वेळेबद्दल आम्ही सल्ला देतो तो सोपा आहे, पाळणे कठीण आहे. सहाला सुरू करा, बारा ते चार थांबा, मग अंधार पडेपर्यंत करा. ठेकेदार म्हणतो, मजूर पाहिजे तेवढे आहेत. एकट्याने बोलला तर उद्या त्याला नाक्यावरून कोणी उचलत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा कामाचे तास आठवर आणण्याचा प्रश्न त्यांनी लावून धरला. तास किती हे तेव्हा ठरले, कोणते हे आज नाक्यावरच्या माणसांनी मिळून ठरवायचे आहे. निदान एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एका नाक्याने तरी हे करून पाहावे. साइटवर पिण्याचे पाणी पुरवणे हे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. त्यासाठी कोणाचे उपकार मानायचे नाहीत.

हा अंक हातात पडेल तेव्हा जयंतीची तयारी सुरू असेल. १६ एप्रिल २०२३ ला, जयंतीनंतर दोनच दिवसांनी, नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर एका सरकारी सोहळ्याला लोक भर उन्हात तासन् तास बसले होते. १४ जणांचा जीव गेला. पारा ४० च्याही आतच होता, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि डोक्यावर आच्छादन नव्हते. ते कोणी दगड फोडत नव्हते, नुसते बसलेले होते. आपली मिरवणूक दुपारी दोनला निघून रात्रीपर्यंत चालते. चिमुकल्यांना रथावर उभे करतात. लेझीमच्या मुली उपाशीपोटी नाचतात. आमच्या वस्तीने या वेळी साडेपाचला निघायचे ठरवले आहे. अभिवादन सकाळी आठला उरकायचे. पांढरी साडी, पांढरा सदरा उन्हाला चांगलाच, डोक्यावर निळा रुमाल असू द्या. डीजेवरून वाद झाला आणि तो अजून पूर्ण शमलेला नाही, पण एक तास कमी वाजवून वाचलेल्या पैशांचा चुना आणावा हे तरुण मंडळींनीच शेवटी मान्य केले. चुन्याची पोती विहाराच्या मागच्या खोलीत येऊन पडली आहेत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे पाचला काम सुरू होईल. ज्यांच्याकडे लांब दांड्याचे बुरूश आहेत त्यांनी आणावेत, आणि सिमेंटच्या पत्र्यांसाठी दोन रुंद फळ्या अजून हव्या आहेत. पहिले छत त्या मिस्त्रीच्या घराचे करायचे ठरले आहे. शिडी त्याच्या बायकोने देऊ केली आहे.